बंधन जाळ्यावर हवे, पिल्लावर नव्हे

आचरा, मालवण, देवबाग असे कोठेही जा, मोबाईल आता घरोघर पोचला आहे. मोठी माणसे शेतात किंवा दर्यावर आणि मूल मोबाईलवर, हे नित्याचेच झाले आहे. त्याच मोबाईलवरून एखादा अनोळखी माणूस गोड बोलून मैत्री जोडतो, फोटो मागतो आणि पुढे धमकावतो. असे काही घडले की दोष मुलाला आणि आईबापांना लागतो. मग सरकारचे काम कोणते?

दर्याचा धडा

आपल्या किनाऱ्याला याचे उत्तर ठाऊक आहे. लहान मासळी वाचावी म्हणून कोणी मासळीला उपदेश करीत नाही. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने बंधन घातले ते नौकेवर आणि जाळ्यावर.

मुलांच्या बाबतीत हाच न्याय हवा. समाजमाध्यमे चालविणाऱ्या कंपन्यांची मिळकत मुख्यतः जाहिरातींची. मूल जितका वेळ पडद्याला चिकटून राहील तितका त्यांचा फायदा. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. तेथे दंड कंपनीला होतो. मुलाला किंवा पालकांना नाही.

आपला कायदा

भारतात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. काही अपवाद सोडता, १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची खात्रीशीर संमती घ्यावी, मुलावर पाळत ठेवू नये, त्याला हेरून जाहिराती दाखवू नयेत, असे तो सांगतो. दंड २०० कोटी रुपयांपर्यंत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ही कलमे लागू होण्यास तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

परंतु ज्या घरी बापाचा मोबाईल मुलगाच चालवून देतो, तेथे संमतीचे बटणही तोच दाबणार! नुसत्या संमतीवर विसंबणे म्हणजे सारी राखण पालकांवर ढकलणे होय.

शिवाय कायद्यामागे गस्त हवी. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला केंद्राने २०१७ साली बंदी केली, तरी आपल्या पारंपरिक मच्छीमारांना त्यानंतरही झगडावे लागले. म्हणून तालुक्याच्या पोलीस ठाण्यात अशा तक्रारी जाणणारा माणूस हवा आणि मराठीत केलेल्या तक्रारीला कंपनीने ठरावीक मुदतीत उत्तर देण्याची सक्ती हवी.

घराचे काम

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली गावाने एक नेम केला. सायंकाळी ७ वाजता भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. असे आपल्याही वाडीत करता येईल.

मुलाने काही सांगितले तर आधी रागावू नका. रागाच्या भीतीनेच मुले गप्प बसतात. धमकीचे संदेश पुसू नका. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे; पैसे गेले असल्यास ताबडतोब १९३० वर कळवा.

घराचे काम घर करील. जाळ्याचे आस मोजण्याचे काम मात्र सरकारचेच आहे.