समव्यय बहुमार्ग योजना

समव्यय बहुमार्ग योजना : संगणकांच्या जाळ्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास सारख्याच व्ययाचे एकाहून अधिक मार्ग उपलब्ध असता, येणारी वाहतूक त्या सर्व मार्गांवर विभागून देण्याची राउटर वा स्विच या उपकरणांतील व्यवस्था. येथे ‘व्यय’ म्हणजे पैसा नव्हे. प्रत्येक दुव्याला सामान्यतः त्याच्या वहनक्षमतेनुसार एक अंक दिलेला असतो. मार्गातील सर्व दुव्यांच्या अंकांची बेरीज म्हणजे त्या मार्गाचा व्यय.

व्यय समान असण्याची अट महत्त्वाची आहे. मुंबईहून जळगावला आगगाडीने कल्याण–मनमाडवरून जाता येते, तसेच सुरतेचा वळसा घेऊन नंदुरबारवरूनही जाता येते; परंतु दुसरा मार्ग बराच लांबचा आहे. पहिला मार्ग चालू असेपर्यंत जाळ्यातील उपकरणे अशा लांबच्या मार्गाकडे वळत नाहीत. याचे कारण असे की, प्रत्येक उपकरण पुढचा टप्पा स्वतंत्रपणे ठरविते. लांबच्या मार्गावरील उपकरणाला पहिल्याच उपकरणावरून जाणे जवळचे वाटले, तर माहितीचे पुडके (पॅकेट) त्या दोहोंमध्येच घुटमळत राहील. समव्यय मार्गांवर मात्र प्रत्येक टप्प्याला उरलेले अंतर घटतच जाते. डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लघुतम मार्गाच्या रीतीवर आधारलेल्या ‘ओएसपीएफ’ या मार्गनिश्चितीच्या पद्धतीत असे अनेक समव्यय मार्ग एकाच वेळी वापरण्याची सोय आहे.

विभागणीची रीत : पुडकी आळीपाळीने एकेका मार्गावर सोडावीत, हा सहज सुचणारा उपाय, पण तो बहुधा टाळतात. पुरुषोत्तमनगर (ता. शहादे, जि. नंदुरबार) येथे सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. अशा कारखान्याच्या वजनकाट्यापाशी गाड्यांच्या दोन रांगा आहेत आणि एकाच शेतकऱ्याच्या गाड्या आळीपाळीने त्या रांगांत घातल्या, असे समजू. एक रांग खोळंबली की त्याची तिसरी गाडी दुसरीच्या आधी काट्यावर पोहोचेल. उसाचे त्यामुळे काही बिघडत नाही. माहितीच्या वहनात मात्र बिघडते. ‘टीसीपी’ या पद्धतीत क्रम सोडून आलेली पुडकी पाहून मधले पुडके हरवले, असा प्रेषकाचा ग्रह होतो. तो ते पुन्हा पाठवितो व आपला वेगही कमी करतो. म्हणजे मार्ग दुप्पट करूनही काम मंदावते.

म्हणून एका संभाषणाची सर्व पुडकी, म्हणजे एक ‘प्रवाह’, एकाच मार्गाने नेतात. पुडक्याच्या शीर्षभागातील उगमाचा व गंतव्याचा पत्ता, दोन्हींचे पोर्ट क्रमांक आणि वहनपद्धतीचा क्रमांक या पाच बाबींवरून स्विच हॅश फलनाने एक संख्या काढतो, तिला मार्गांच्या संख्येने भागतो व जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या मार्गावर पुडके सोडतो. या रीतीत स्विचला प्रवाहांची नोंद ठेवावी लागत नाही. हिचे सारे सामर्थ्य यातच आहे आणि बहुतेक दोषही यातूनच येतात.

दोष व उपाय : हॅशमुळे प्रवाहांची संख्या वाटली जाते, त्यांचा भार नव्हे. हजारो लहान प्रवाह असतील तर वाटणी पुरेशी समान होते. परंतु चार मार्गांवर चारच मोठे प्रवाह असता ते चार वेगळ्या मार्गांवर पडण्याची संभाव्यता २५६ मध्ये २४, म्हणजे शेकडा सुमारे ९ इतकीच असते. दुसरा दोष असा की, लागोपाठच्या स्विचांत तेच फलन असेल, तर पहिल्याने एका बाजूस पाठविलेले सर्व प्रवाह दुसराही एकाच बाजूस ढकलतो व तेथील निम्मे मार्ग ओस पडतात. यासाठी प्रत्येक स्विचला वेगळी बीजसंख्या देतात. चारांपैकी एक मार्ग बंद पडल्यास वस्तुतः पाव प्रवाहांनाच जागा बदलण्याची गरज असते. पण भाजक ४ ऐवजी ३ झाल्याने तीन-चतुर्थांश प्रवाहांचे मार्ग बदलतात. मार्गांच्या टोकाशी निरनिराळे सेवासंगणक असतील, तर चालू संभाषणे तुटतात. हे टाळण्यासाठी मधे एक स्थिर कोष्टक ठेवून केवळ बंद मार्गाच्याच जागा भरून काढतात.

चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये दूरध्वनी केंद्रांसाठी मांडलेली बहुस्तरीय रचना आज मोठ्या माहितीकेंद्रांत रूढ झाली आहे, ती याच योजनेच्या आधारावर. मात्र कोष्टकात वेगळे दिसणारे मार्ग प्रत्यक्षातही वेगळे असतात, असे समजू नये. ३० जानेवारी २००८ रोजी भूमध्य समुद्रात सी-मी-वी ४ व फ्लॅग यूरोप–एशिया या दोन तारा एकाच दिवशी तुटल्या. दोन्ही मुंबईला येत असल्याने भारतातील इंटरनेट सेवा विस्कळित झाली होती.

दोष शोधणे हे या योजनेतील सर्वांत त्रासाचे काम. चारांपैकी एक मार्ग चालू दिसत असूनही पुडकी गिळत असेल, तर सुमारे पाव प्रवाह अडतात. पुन्हा प्रयत्न केल्यास पोर्ट क्रमांक बदलतो व काम होऊन जाते, त्यामुळे तक्रार खरी की खोटी हेच कळत नाही. मार्ग तपासण्याच्या जुन्या ‘ट्रेसरूट’ साधनाची प्रत्येक चाचणी वेगळ्या मार्गाने जाऊ शकते व अस्तित्वातच नसलेला मार्ग दाखवू शकते. २००६ मध्ये पुढे आलेल्या ‘पॅरिस ट्रेसरूट’ या साधनात प्रवाह ठरविणारी शीर्षभागातील अंगे सर्व चाचण्यांत तीच ठेवतात आणि नंतर ती मुद्दाम बदलून एकेक समव्यय मार्ग वेगळा तपासता येतो.