पेटी उघडते, वही उघडत नाही



आमचे बचत गट पुण्यातल्या वेगवेगळ्या वस्त्यांमधले, पण सगळ्यांचं दप्तर एकाच ताईंच्या घरी. त्यांच्या पुढच्या खोलीत राउटरशेजारी डब्याएवढं एक यंत्र आहे, आत दोन हार्ड डिस्क. त्याला नॅस म्हणतात. ठराव, कर्जाचे अर्ज, पासबुकांच्या प्रती, सगळं त्यात. घरच्या वायफायवरच्या कॉम्प्युटरवरून ते उघडता येतं.

बँकेला शनिवारपर्यंत सहा महिन्यांचा अंतर्गत कर्जाचा हिशेब हवा होता. नव्या खजिनदार ताईंनी फोल्डर उघडलं. फाइलींची नावं दिसली, पण एकही उघडेना. ‘परवानगी नाकारली’ एवढंच. आम्ही तीनदा पासवर्ड बदलला, यंत्र बंद करून चालू केलं. उपयोग शून्य, कारण दुखणं पासवर्डचं नव्हतंच.

या यंत्रात दोन राखणदार असतात. पहिला दारावर: ही बाई या फोल्डरमध्ये येऊ शकते का? दुसरा प्रत्येक फाइलवर. तो तीन जणांचा विचार करतो: मालक, मालकाचा गट आणि बाकीचे. प्रत्येकाला वाचायचा, लिहायचा आणि फोल्डर असेल तर आत शिरायचा हक्क वेगवेगळा. नावं दिसत होती, म्हणजे पहिल्याने सोडलं होतं. अडवत होता दुसरा.

झालं असं, की आधीच्या खजिनदार ताई गाव सोडून गेल्या तेव्हा आम्ही त्यांचं खातं काढून टाकलं. फाइली मात्र त्यांच्याच नावावर राहिल्या. मालकाच्या जागी नाव जाऊन नुसता आकडा दिसत होता, आणि वाचायचा हक्क फक्त त्या आकड्याला!

एका ताईंचा भाचा म्हणाला, “७७७ करून टाका, मोकळं.” वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, शिरण्याचा १, बेरीज ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकीच्यांचा. म्हणजे ७७७ केलं, की पहिल्या राखणदाराने आत सोडलेला कुणीही पासबुकं वाचणार, पुसूनही टाकणार. बायकांच्या पैशांचे कागद आहेत ते. आम्ही नाही म्हटलं.

आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. मग यंत्रात ‘हिशेब’ नावाचा गट केला, त्यात खजिनदार आणि सचिव. फोल्डरची मालकी मुख्य खात्याकडे, गट ‘हिशेब’, हक्क ७७०. तरी फाइल उघडेना, कारण ‘आतल्या सगळ्या फाइलींनाही लागू करा’ या चौकोनात खूण करायची राहिली होती. बाहेरचं फोल्डर बदललं, आतलं जुनंच.

खूण केली, तरी पुन्हा तेच! कॉम्प्युटर सकाळचीच जोडणी धरून बसला होता. कुणाला गटात घेतलं, तर तिने एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं. ताईंनी तसं केलं आणि वही उघडली. आणि हो, तपासताना मुख्य खात्यातून तपासू नका. त्याला बहुधा सगळंच उघडतं. जिला अडचण आहे, तिच्याच नावाने बघा.

कागद शनिवारी बँकेत पोचले. आता खजिनदार बदलली, की ठरावाच्या वहीत आम्ही एक ओळ जास्त लिहितो: जुन्या फाइली कुणाच्या नावावर केल्या. ती लिहून सही झाल्यावरच जुनं खातं काढतो.