अमेरिकेतील स्वातंत्र्यवादी मतदार आणि रिपब्लिकन पक्ष

प्रस्तावना :

अमेरिकन राजकारणाचा अभ्यास करताना मराठी वाचकाची पहिली अडचण संज्ञांची असते. रानडे-गोखले यांच्या परंपरेमुळे ‘उदारमतवाद’ या संज्ञेला आपल्याकडे जो अर्थ प्राप्त झाला, तो अमेरिकेतील ‘लिबरल’ या शब्दाला उरलेला नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’नंतर तेथे हा शब्द कल्याणकारी राज्याच्या पुरस्कर्त्यांकडे गेला. परिणामी मर्यादित शासन, खुली बाजारपेठ आणि खासगी जीवनातही शासनाचा किमान हस्तक्षेप असावा असे मानणाऱ्यांना ‘लिबर्टेरियन’ हे वेगळे नाव स्वीकारावे लागले. प्रस्तुत लेखात त्यांना ‘स्वातंत्र्यवादी’ म्हटले आहे. करांच्या प्रश्नावर हा मतदार रिपब्लिकन पक्षाच्या जवळ, तर नागरी स्वातंत्र्याच्या प्रश्नावर पुष्कळदा डेमोक्रॅटिक पक्षाच्या जवळ असतो.

युती आणि तिच्यातील ताण :

१९५५ मध्ये सुरू झालेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकातून फ्रँक मेयर यांनी परंपरावादी आणि स्वातंत्र्यवादी यांच्या समन्वयाची भूमिका मांडली. सद्गुण महत्त्वाचा खरा, पण तो सक्तीने निर्माण होत नाही, हे तिचे सूत्र होते. तथापि या दोन गटांना प्रत्यक्षात एकत्र ठेवले ते साम्यवादाच्या विरोधाने. हायेक यांनी तर १९६० मध्येच आपण परंपरावादी का नाही, याचे स्वतंत्र विवेचन केले होते. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांच्या उमेदवारीने या युतीला पक्षात प्रतिष्ठा मिळाली; निवडणुकीत मात्र त्यांना अवघी ६ राज्ये जिंकता आली.

ऑगस्ट १९७१ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वेतन व किमती गोठविल्या. बाजाराचे स्वातंत्र्य सांगणाऱ्या पक्षानेच हे करावे, याचा व्हायचा तो परिणाम झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोलोरॅडो राज्यात लिबर्टेरियन पक्षाची स्थापना झाली. पुढे रेगन यांनी १९७५ मधील एका मुलाखतीत परंपरावादाचा गाभा स्वातंत्र्यवादच असल्याचे सांगून या मतदाराला परत बोलाविले. परंतु सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर युतीचा मूळ बंध सैल झाला. धाकट्या बुश यांच्या काळातील पेट्रियट कायदा (२००१), इराक युद्ध (२००३) आणि ज्येष्ठांच्या औषधखर्चाची नवी शासकीय योजना (२००३) यांनी नाराजी वाढविली. डेव्हिड बोझ व डेव्हिड किर्बी यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार मतदारांत स्वातंत्र्यवाद्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. त्यांच्यापैकी बुश यांना २००० मध्ये ७२ टक्के, तर २००४ मध्ये ५९ टक्के मते मिळाली.

राहावे की जावे :

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या निर्गमन, आवाज व निष्ठा या त्रयीचा येथे उपयोग होतो. ज्या पद्धतीत सर्वाधिक मते मिळविणारा एकच उमेदवार निवडून येतो, तेथे तिसऱ्या पक्षाकडे जाणे म्हणजे मत वाया घालविणे, असा समज असतो. आपल्याकडील स्वतंत्र पक्षाने १९६७ मध्ये लोकसभेच्या ४४ जागा जिंकल्या होत्या. अमेरिकेतील लिबर्टेरियन पक्षाला काँग्रेसमध्ये निवडून येऊन एकही जागा मिळविता आलेली नाही. २०१६ मध्ये गॅरी जॉन्सन यांना मिळालेली सुमारे ३.३ टक्के मते हा त्याचा राष्ट्राध्यक्षीय उच्चांक होय.

असे असले तरी निर्गमन निष्फळ असते, असे म्हणता येत नाही. जॉर्जिया राज्यात २०२० च्या सिनेट निवडणुकीत रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू यांना ४९.७ टक्के मते मिळाली. तेथील नियमानुसार निम्म्याहून अधिक मते आवश्यक होती आणि लिबर्टेरियन उमेदवाराकडे सुमारे २.३ टक्के मते गेली होती. जानेवारी २०२१ च्या फेरनिवडणुकीत पर्ड्यू पराभूत झाले. त्याच दिवशी राज्यातील दुसरी जागाही गेल्याने सिनेटमधील बहुमत पक्षाच्या हातून निसटले. अर्थात ती २.३ टक्के मते एरवी पर्ड्यू यांनाच मिळाली असती, असे गृहीत धरणे योग्य नाही; त्यांतील काही मतदार घरीच बसले असते.

‘आवाज’ उठविण्याचे स्थान म्हणजे प्राथमिक निवडणूक. भारतात उमेदवारी पक्षश्रेष्ठी ठरवितात, अमेरिकेत ती मतदार ठरवितात. म्हणूनच १९८८ मध्ये लिबर्टेरियन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिलेले रॉन पॉल पुढे रिपब्लिकन म्हणून काँग्रेसमध्ये परतले आणि २००८ व २०१२ मध्ये त्यांनी त्याच पक्षाची उमेदवारी मागितली.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या कारकिर्दीत हा हिशेब अधिक अवघड झाला. मे २०२४ मध्ये त्यांनी लिबर्टेरियन पक्षाच्या अधिवेशनात जाऊन मते मागितली. सभागृहातून हुर्योही उडाली. तेथे दिलेल्या आश्वासनानुसार त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये रॉस उल्ब्रिक्ट यांना माफी दिली आणि एप्रिलमध्ये, स्वातंत्र्यवाद्यांना सर्वस्वी अमान्य असलेले, व्यापक आयातशुल्क जाहीर केले. त्याच वर्षीच्या कर व खर्चविषयक विधेयकाविरुद्ध सिनेटमध्ये रँड पॉल यांनी आणि प्रतिनिधिगृहात थॉमस मॅसी यांनी वाढत्या कर्जाच्या मुद्द्यावर मतदान केले. भारतात पक्षादेशाविरुद्ध असे मतदान केल्यास १९८५ च्या दहाव्या अनुसूचीनुसार सदस्यत्व धोक्यात आले असते. अमेरिकेत तशी तरतूद नाही. तेथे जाब विचारला जातो तो पुढील प्राथमिक निवडणुकीत, आणि मॅसी यांच्याविरुद्ध उमेदवार उभा करण्याची तयारी ट्रम्प समर्थकांनी २०२५ मध्येच सुरू केली.