जुन्या मोटारसायकलींचा भरवसा

जळगावहून चोपड्याकडे किंवा धुळ्याहून साक्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर खानदेशच्या अर्थव्यवस्थेचा एक लहानसा नमुना डोळ्यांसमोरून सरकत जातो. दुधाच्या कॅनी, चाऱ्याचा भारा, खताची गोणी, शाळेत निघालेली मुले आणि आखाजीच्या सुमारास माहेरी निघालेली लेक, या सर्वांना वाहून नेण्याचे काम मोटारसायकल करीत असते. त्यांत नव्या गाड्या पुष्कळ असतात. पण पंधरा-वीस वर्षे वयाच्या गाड्याही थोड्या नसतात. अधूनमधून एखादी बुलेट किंवा येझदीही आपल्या ओळखीच्या आवाजासह पुढे जाते. बाजारात दरवर्षी नवे नमुने येत आहेत, कर्जाची सोय दारापर्यंत पोहोचली आहे आणि सप्टेंबर २०२५ पासून ३५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. असे असता लोक जुनी वाहने का सांभाळतात, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक, पैसा नाही म्हणून; दुसरे, हौस म्हणून. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही मिळूनही उत्तर पुरे होत नाही. ऐपत असूनही वडिलांची जुनी गाडीच शेतावर नेणारा माणूस विरळा नाही. त्याला विचारले, तर ‘हिचा भरवसा आहे’ एवढेच तो सांगतो. हा भरवसा नेमका कशाचा, याचा शोध घेतला तर काही विचार करायला लावणाऱ्या गोष्टी हाती लागतात.

टंचाईच्या काळाची देणगी

आपल्याकडील जुन्या मोटारसायकलींचे मूळ परदेशी आहे. बुलेट मूळची इंग्लंडची. तिच्या उत्पादनासाठी १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. जावा झेकोस्लोव्हाकियाची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती १९६१ पासून तयार होऊ लागली आणि सत्तरीच्या दशकात ‘येझदी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडमधील एका गाडीच्या नमुन्यावर बेतलेली होती. परवाना-पद्धतीच्या त्या काळात उत्पादनाला मर्यादा होती, परकीय चलन दुर्मिळ होते आणि स्पर्धा नावापुरती होती. त्यामुळे कारखानदारांना नमुना बदलण्याची गरजही नव्हती आणि सोयही नव्हती. बुलेटच्या इंजिनाचे उदाहरण घ्यावे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, हे ३४६ घन सेंटिमीटरचे गणित अर्धशतकाहून अधिक काळ तसेच राहिले.

ग्राहकाने या व्यवस्थेची किंमत मोजली, हे विसरता येणार नाही. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसत. निवड नव्हती, सुधारणा नव्हती. पण याच टंचाईतून एक अनपेक्षित देणगीही मिळाली. नमुना बदलत नसल्याने सुटे भाग वर्षानुवर्षे तेच राहिले. एकदा शिकलेली विद्या मेकॅनिकला जन्मभर पुरली. तालुक्याच्या गावी लेथ चालवणारा कारागीर झिजलेले सिलिंडर बोअर करून त्यात किंचित मोठ्या मापाचा पिस्टन बसवू शकला. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी येझदी रस्त्यावर राहिली. कारण तिला चालू ठेवणारे ज्ञान कारखान्याच्या भिंतींबाहेर, गावोगावच्या गॅरेजांत केव्हाच पसरलेले होते.

भरवसा दोन प्रकारचा

१९८५ साली हीरो होंडाची चार-स्ट्रोकची शंभर सीसीची गाडी आली आणि चित्र पालटले. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनी पेट्रोल महागले होते. कमी पेट्रोलमध्ये दूर जाणाऱ्या या गाडीने बाजार जिंकला. पेट्रोल भरावे, झाकण लावावे आणि विसरून जावे, अशा आशयाची तिची जाहिरात होती. तो दावा बऱ्याच अंशी खराही ठरला. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरने तीच वाट पुढे नेली. आज खानदेशात कामाला जुंपलेल्या जुन्या गाड्यांत याच घराण्यातील गाड्यांचा मोठा वाटा दिसतो. बुलेट, येझदी किंवा १९९६ मध्ये बंद झालेली आरएक्स १०० यांना आता हौशी गिऱ्हाईक मिळते. दूध आणि चारा वाहण्याचे काम मात्र या साध्या, दिसण्यात काहीच विशेष नसलेल्या गाड्या करतात.

येथे ‘विश्वासार्ह’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. यंत्र क्वचितच बिघडणे हा पहिला अर्थ. बिघडलेले यंत्र चटकन, स्वस्तात आणि जवळच्या जवळ दुरुस्त होणे हा दुसरा. पहिल्या कसोटीवर नवी मोटारसायकल जुनीपेक्षा पुष्कळ सरस आहे. जुन्या बुलेटचे पॉइंट झिजतात, राजदूतचा प्लग काजळीने बुजतो, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकतो. पण यांतला प्रत्येक बिघाड कानाला ऐकू येतो, डोळ्याला दिसतो आणि दोन पान्यांनी दूर होतो. प्लग काढून ठिणगी पाहिली, पेट्रोलची नळी उपसून धार पाहिली, की अर्धे निदान झाले. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांमुळे नव्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. संवेदक आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले. धूर कमी झाला, थंडीत गाडी पहिल्या झटक्यात सुरू होऊ लागली, हा लाभ मोठा आहे. परंतु संवेदक निकामी झाला, तर त्याचे निदान करणारे उपकरण आणि बदलण्याचा भाग बहुधा जिल्ह्याच्या गावीच मिळतो.

महिन्यातून एकदा बंद पडून अर्ध्या तासात पुन्हा चालणारी गाडी आणि तीन वर्षांतून एकदा बंद पडून चार दिवस टेम्पोची व सुट्या भागाची वाट पाहणारी गाडी, यांत अधिक भरवशाची कोणती? जळगाव शहरात राहणाऱ्या कारकुनाचे उत्तर एक असेल. रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहून रोज सकाळी दूध पोहोचविणाऱ्याचे दुसरे असेल. चार दिवसांचे दूध थांबत नाही. भरवसा केवळ लोखंडात नसतो. यंत्र, मेकॅनिक आणि सुट्या भागांचे दुकान या तिघांच्या जवळिकीतून तो निर्माण होतो.

‘जुने ते सोने’ या म्हणीवर मात्र फार विसंबू नये. पूर्वीच्या गाड्या मजबूत होत्या, असे आपण आज रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांवरून म्हणतो. ज्या मोडल्या त्या भंगारात गेल्या. त्यांची साक्ष कोणी काढत नाही. जी उरली ती मुळात चांगली होती, किंवा चांगल्या हातात पडली. तिच्यावरून तिच्या साऱ्या पिढीचा गुण ठरविणे तर्काला धरून नाही.

मेकॅनिक हाच जामीन

जुन्या वाहनांच्या बाजाराची एक मूलभूत अडचण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली मांडली. विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, खरेदीदाराला नसतात. फसवणुकीच्या भीतीने खरेदीदार कमी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात वाईट मालच उरतो. या सिद्धान्ताचा समावेश असलेल्या संशोधनासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आपल्याकडे या अडचणीवर एक जुना तोडगा आहे. गुरांच्या बाजारात बैलाचे दात पाहणारा जाणकार सोबत नेण्याची रीत आहे. मोटारसायकल घेताना तीच जागा मेकॅनिकने घेतली. तो गाडी थंड असतानाच सुरू करायला लावतो, कारण गरम इंजिन आपले दोष लपवते. चार-स्ट्रोक इंजिनाने निळसर धूर टाकला, तर ऑइल जळते आहे आणि रिंगा झिजल्या आहेत, हे तो ओळखतो. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, हे सांगतो. त्याच्या शब्दावर व्यवहार होतो आणि तो शब्द खोटा ठरला, तर पंचक्रोशीत त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. छापील हमीपत्राइतकाच हा जामीन खरा आहे. आज या जामिनालाच ओहोटी लागण्याची भीती आहे. हाताला काळे लावून घेण्याचा हा व्यवसाय मुलाने पुढे चालवावा, असे किती मेकॅनिकांना वाटते?

दुसरी बाजू

जुन्या वाहनांची बाजू मांडताना त्यांचे दोष झाकता कामा नयेत. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचा बराच अंश न जळताच बाहेर पडतो. वर त्यात मिसळलेले ऑइल जळते. त्या धुराची किंमत मालक देत नाही, मागून सायकलीवर येणारा विद्यार्थी देतो. जुन्या ड्रम ब्रेकांची आणि मंद दिव्यांची तुलना आजच्या गाड्यांशी होऊ शकत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना चाक जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा आणि लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी यंत्रणा सक्तीची झाली. महामार्गावर मालमोटारींच्या गर्दीत हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो.

इंधनाचा प्रश्नही नवा आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, ते पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना, वॉशरांना मानवत नाही. नव्या गाडीतील नियंत्रक मिश्रण आपोआप जुळवून घेतो. जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही. ज्या शेतकऱ्याच्या मक्याला इथेनॉलमुळे मागणी आली, त्याच्याच जुन्या मोटारसायकलीला त्या इथेनॉलचा त्रास व्हावा, अशी ही गुंतागुंत आहे. रबरी भाग बदलणे आणि जेट जुळविणे हा त्यावरचा उपाय. त्यासाठीही पुन्हा मेकॅनिकच लागतो.

वय की प्रकृती?

खासगी वाहनाच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. हे तत्त्व योग्य आहे. परंतु धोरणाचा कल हळूहळू प्रकृतीकडून वयाकडे झुकत आहे. मोटारसायकलीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले. वीस वर्षांवरील मोटारसायकलींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये झाले. गाडी किती धूर सोडते किंवा वर्षाला किती किलोमीटर धावते, याचा या शुल्काशी संबंध नाही. पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नियम झाले. त्यांत नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि असे वाहन रोजच्या वापरासाठी नाही. संग्राहकाची सोय झाली. कष्टकऱ्याच्या पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचे काय, हा प्रश्न उरला.

यावर तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत. पहिली, शुल्क आणि कर ठरविताना धुराची व ब्रेकची तपासणी हा आधार धरावा, आणि ही तपासणी तालुक्याच्या गावी ठरावीक दिवशी उपलब्ध व्हावी. त्यात नापास होणारी गाडी, मग ती कितीही लाडकी असो, रस्त्यावरून उतरलीच पाहिजे. दुसरी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली होती. त्या विचाराला कायद्याचे बळ देऊन सुटे भाग, दुरुस्ती-पुस्तिका आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र मेकॅनिकला वाजवी दरात मिळावीत. तिसरी, आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी जुन्या मेकॅनिकांना शिक्षक म्हणून बोलवावे आणि विद्यार्थी म्हणूनही. कार्बोरेटरची विद्या त्यांच्याकडून घ्यावी, संवेदकांची विद्या त्यांना द्यावी.

आज नवी कोरी असलेली मोटारसायकलही पंधरा वर्षांनी जुनी होणार आहे. तेव्हा ती दुरुस्त करणारा माणूस गावात असेल की नाही, हे आजच्या निर्णयांवर अवलंबून आहे. तो नसेल, तर २०४० साली खानदेशातला शेतकरी आपल्या गाडीबद्दल ‘हिचा भरवसा आहे’ असे म्हणू शकणार नाही. आणि गाडी विकत घेताना त्याने काढलेले कर्ज मात्र तेव्हा कदाचित दुसऱ्यांदा काढावे लागलेले असेल.