सोयाबीनच्या पानांवर ठिपके आणि पिवळेपणा : आधी निदान, मग फवारणी

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत खरिपाचा मोठा भाग सोयाबीनखाली असतो. पीक ३० ते ४५ दिवसांचे झाले, पावसाची झड लागली किंवा मोठा खंड पडला, की पानांवर ठिपके आणि पिवळेपणा दिसू लागतो. अशा वेळी बरेच शेतकरी एक-दोन पाने तोडून कृषी सेवा केंद्रात नेतात आणि बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक व सूक्ष्म अन्नद्रव्य एकाच टाकीत मिसळून फवारतात. त्यातले एखादे औषध लागू पडतेही, पण बाकीचा खर्च वाया जातो. निदानच चुकले असेल तर पैसे जातात आणि उपायाची वेळही हातची जाते. विषाणूजन्य रोगावर बुरशीनाशक चालत नाही, जिवाणूजन्य पुरळावर नेहमीची बुरशीनाशके उपयोगी पडत नाहीत आणि लोहाची कमतरता कीटकनाशकाने भरून निघत नाही.

औषध घेण्यापूर्वी शेतात काय पाहावे?

बांधावरून पाहून निदान होत नाही. शेतात नागमोडी चालत किमान पाच ठिकाणी थांबावे आणि पुढील गोष्टी तपासाव्यात.

- शेतातील पसारा : लक्षणे सगळीकडे सारखी आहेत, पट्ट्यात आहेत, सखल भागात आहेत की मधूनमधून एकेका झाडावर आहेत? पोषण, पाणी किंवा तणनाशकामुळे आलेली लक्षणे बहुधा पट्ट्यात, सखल भागात किंवा जमिनीच्या प्रतीनुसार दिसतात. रोग बहुधा विखुरलेल्या झाडांपासून सुरू होऊन पसरतो.
- कोणती पाने : शेंड्याची कोवळी पाने आधी बिघडली की खालची जुनी? लोहाची कमतरता नव्या पानांवर दिसते, तर नत्र आणि पालाशाची जुन्या पानांवर.
- पानाची खालची बाजू : पांढरी माशी, तुडतुडे, कोळी आणि तांबेऱ्याचे फोड खालच्या बाजूलाच सापडतात. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग खिशात असावे.
- खोड आणि मूळ : पिवळे किंवा सुकलेले एक झाड उपटून खोड उभे चिरून पाहावे. आत लालसर तपकिरी नागमोडी पोखर असेल तर ती खोडमाशी. खोडावर किंवा देठावर दोन समांतर खापा असून वरचा भाग लोंबत असेल तर चक्रीभुंगा. मुळाची साल सहज सुटत असेल व मूळ काळपट पडले असेल तर मूळकूज.
- मागील १० ते १५ दिवस : कोणते तणनाशक मारले, पाणी किती दिवस साचले, शेजाऱ्याने काय फवारले, हे आठवावे.

पिवळेपणा : लोहाची कमतरता की पिवळा मोझॅक?

सर्वाधिक गफलत याच दोन गोष्टींत होते.

चुनखडीयुक्त भारी काळ्या जमिनीत पाऊस जास्त होऊन वाफसा गेला, की मुळांना लोह घेता येत नाही. जमिनीत लोह असते, पण पिकाला ते मिळत नाही. शेंड्याकडील पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हा पिवळेपणा पानभर एकसारखा असतो आणि सखल भागात किंवा चुनखडीच्या पट्ट्यात सगळ्या झाडांवर दिसतो.

पिवळ्या मोझॅकमध्ये शिरांचा असा हिशेब नसतो. पानावर गडद पिवळे आणि हिरवे वेडेवाकडे चट्टे एकमेकांत मिसळलेले दिसतात. सुरुवातीला शेतात मधूनच एखादे झाड पिवळेधमक उठून दिसते. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. पावसाचा खंड आणि उष्ण हवा तिला मानवते. ऑगस्ट २०२३ मध्ये पावसाने दीर्घ ओढ दिली आणि त्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात या रोगाने सोयाबीनचे मोठे नुकसान केले.

शंका राहिल्यास सोपी चाचणी करावी. चार-पाच ओळींवर ०.५ टक्के फेरस सल्फेट (१० लिटर पाण्यात ५० ग्रॅम) किंवा चिलेटेड लोह लेबलवरील मात्रेत फवारावे. लोहाची कमतरता असेल तर आठवडाभरात नवी पाने हिरवी येऊ लागतात. तसे झाले तरच सगळ्या शेतात फवारणी करावी. साचलेले पाणी चर काढून बाहेर काढणे हा त्याआधीचा उपाय आहे.

मोझॅकची खूण स्पष्ट असेल तर मात्र आठवडा थांबू नये. रोगट झाडे दिसताच उपटून शेताबाहेर पुरावीत किंवा जाळावीत. एकरी १० पिवळे चिकट सापळे लावावेत. पांढरी माशी आढळत असल्यास थायामेथोक्झाम १२.६ टक्के + लॅमडा सायहॅलोथ्रीन ९.५ टक्के झेडसी एकरी ५० मिली, २०० लिटर पाण्यातून फवारावे. ही फवारणी माशीसाठी आहे. लागण झालेले झाड त्याने बरे होत नाही.

ठिपके : आकार, कड आणि खालची बाजू

- सरकोस्पोरा (बेडूक डोळा) ठिपके : लहान गोल ठिपके, मध्यभाग राखाडी, कड लालसर तपकिरी. सततच्या ढगाळ, ओल्या हवेत वाढतात.
- अल्टरनेरिया आणि टार्गेट स्पॉट : तपकिरी, मोठे होत जाणारे ठिपके. आत एकात एक वलये.
- तांबेरा : खालच्या पानांपासून सुरुवात, मागील बाजूस बारीक फोड. पान बोटांवर घासल्यास तांबूस भुकटी लागते. राज्यात सांगली, कोल्हापूर, सातारा भागात याचा त्रास अधिक असतो. भुकटी लागली नाही तर तांबेऱ्याचे औषध घेऊ नये.
- जिवाणूजन्य पुरळ : बारीक, किंचित उंच ठिपके आणि भोवती पिवळे वलय. बोटाला भुकटी लागत नाही.
- शेंगा करपा : पानांच्या शिरा, देठ, खोड व शेंगांवर गडद तपकिरी ते काळे अनियमित डाग. शेंगा भरण्याच्या काळात जास्त नुकसान करतो.
- तणनाशकाची इजा : स्पर्शजन्य तणनाशक उगवणीनंतर फवारल्यास पानांवर तांबूस, भाजल्यासारखे डाग पडतात. फवारणीच्या वेळी उघडी असलेली पानेच भाजतात, नंतर येणारी पाने स्वच्छ असतात. याला कोणतेही बुरशीनाशक लागत नाही.
- अळीने खरवडलेली पाने : स्पोडोप्टेराच्या लहान अळ्या समूहाने हिरवा भाग खातात. पान जाळीदार, पांढुरके दिसते. लांबून तो करपा वाटतो, पान उलटले की अळ्या दिसतात.

सरकोस्पोरा किंवा शेंगा करपा निश्चित झाल्यास आणि हवामान ढगाळ असल्यास टेब्युकोनॅझोल १० टक्के + गंधक ६५ टक्के डब्ल्यूजी एकरी ५०० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून फवारावे. खालच्या चार-दोन पानांवर तुरळक ठिपके असतील आणि पुढे उघाड असेल, तर दोन-तीन दिवस थांबून नव्या पानांकडे लक्ष ठेवावे. ठिपके वर चढत असतील तरच फवारावे.

नमुना कसा न्यावा?

निदान होत नसेल तर नमुना कृषी विज्ञान केंद्रात न्यावा. लातूरला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे गळीतधान्य संशोधन केंद्र आहे. नांदेड जिल्ह्यात सगरोळी आणि पोखर्णी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. सुटे पान न नेता मुळासकट दोन-तीन झाडे न्यावीत. लक्षणे नुकतीच सुरू झालेले आणि निरोगी, अशी दोन्ही झाडे सोबत असावीत. ती वर्तमानपत्रात गुंडाळावीत. ओल्या प्लॅस्टिक पिशवीत पान सडते आणि मूळ खूण नाहीशी होते. पेरणीची तारीख, वाण आणि झालेल्या फवारण्या कागदावर लिहून न्याव्यात.

पुढील हंगामासाठी

बीजप्रक्रियेत कार्बोक्झिन ३७.५ टक्के + थायरम ३७.५ टक्के प्रति किलो बियाण्यास ३ ग्रॅम लावावे, त्यानंतर थायामेथोक्झाम ३० टक्के एफएस १० मिली आणि शेवटी रायझोबियम. दरवर्षी त्याच शेतात सोयाबीन घेण्याऐवजी ज्वारी, तूर यांची फेरपालट करावी. मोझॅक आलेल्या शेतातील बियाणे घरी ठेवू नये.

फवारताना

तीन-चार औषधे एकत्र मिसळू नयेत. लेबलवर सोयाबीनचे नाव आहे का ते पाहावे. हातमोजे, मास्क व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले. नको असलेली फवारणी टाळली तर खर्च वाचतो आणि पंप पाठीवर घेणाऱ्याचा धोकाही टळतो.