पोटातलं मळसूत्र

परवा संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावरून फिरून घरी आलो, तर ओसरीवर रडारड चाललेली. आमच्या मोत्या कुत्र्यानं धाकट्या नातीचं तोंड चाटलं होतं आणि सूनबाई तिला साबणानं खसाखसा धूत होत्या. डोळे चुरचुरत होते तरी पोरीचा प्रश्न तयार होता. "आबा, मोत्याच्या पोटात असं काय असतं हो, की आई एवढी घाबरली?"

कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट यायला अवकाश होता. तिला जवळ घेतलं आणि गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगतो.

इटलीतल्या तुरीन शहरात जुलिओ बिझोझेरो नावाचे डॉक्टर होते. जखम झाली की रक्त थांबवायला धावतात त्या बारीक चकत्या, म्हणजे प्लेटलेट, त्यांचं काम ओळखणारे हेच. १८९३ च्या सुमारास ते कुत्र्याच्या जठराचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. जठर म्हणजे आम्लाची भट्टी, तिथं कोण तग धरणार? पण काचेवर दिसले पीळदार जीव! यंत्रमागाच्या बोल्टवर आटे असतात ना, अगदी तसे. लांबी जेमतेम मिलीमीटरचा शंभरावा भाग. आम्ल जिथं तयार होतं, त्या पेशींच्या आतसुद्धा ते शिरून बसले होते.

तीन वर्षांनी ह्यूगो सॉलोमन या संशोधकाला कुत्रा, मांजर आणि उंदीर-घुशींच्या जठरात तेच जीव सापडले. त्यानं मांजराच्या जठराचं अस्तर खरवडून पांढऱ्या उंदरांना खाऊ घातलं, आणि थोड्याच दिवसांत उंदरांची जठरं या आटेवाल्यांनी भरून गेली. माणसात मात्र त्याला ते दिसले नाहीत.

"पण आबा, आम्लात ते जळत कसे नाहीत?"

सकाळी गोठ्यात शिरलं की नाकाला झोंबतो तो वास आठव. जनावरांच्या मुतात युरिया असतो. जंतू तो फोडतात आणि त्यातून अमोनिया निघतो. हा मळसूत्री जीव नेमकं तेच करतो. जठरातही थोडा युरिया झिरपत असतो. तो फोडून हा आपल्याभोवती अमोनियाचं कवच उभं करतो, आणि अमोनिया आम्लाला मारतो. मे महिन्यात आपण डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून बाहेर पडतो ना, तसं. ऊन तेवढंच असतं, पण आपल्यापुरता गारवा मिळतो. मग शेपटीच्या झुबक्यानं स्वतःला फिरवत तो जठराच्या चिकट थरात घुसतो. खाली, भिंतीजवळ, आम्लाची धार बोथट असते.

माणसाच्या जठरातही असे जीव कुणाकुणाला दिसत होते, पण लक्ष कोण देतो! १९५४ साली अमेरिकेत हजाराहून अधिक जणांच्या जठराचे तुकडे तपासून एका तज्ज्ञानं सांगितलं, की इथं कुणी राहत नाही. तुकड्यांना त्यानं दिलेल्या रंगानं हे जंतू नीट उठूनच दिसत नव्हते. पुढं ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन यांनी चांदीचा रंग वापरला तेव्हा ते स्पष्ट दिसले. १९८२ मध्ये त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांच्या जंतू वाढवायच्या बशा ईस्टरच्या सुटीत जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवला. तो हेलिकोबॅक्टर पायलोरी, अल्सरचा मोठा गुन्हेगार. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

सगळं जग पायलोरीमागं धावलं. मला मात्र त्याचे चुलतभाऊ जास्त ओढ लावतात. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांना मोजक्या रुग्णांच्या जठरात पायलोरीपेक्षा लांब, घट्ट पिळाचे जंतू दिसले. बिझोझेरोंनी कुत्र्यात पाहिले होते तसेच! पुढं त्यांतली एकेक जात वेगळी ओळखू आली. एकीला बिझोझेरोंचं नाव मिळालं, एकीला सॉलोमनचं, एकीला जर्मनीच्या हाइलमान यांचं. मांजरावरून एक 'फेलिस' झाली, डुकरावरून एक 'सुइस'.

ही सुइस फार हट्टी. एरवी जंतूंना मानवणारं, आम्ल नसलेलं अन्न तिला चालेना. २००८ मध्ये बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात तिच्या अन्नात आम्ल मिसळलं, तेव्हा कुठं ती बशीत वाढली. माणसाच्या जठरातून तिला काढून वाढवायला २०२१ उजाडलं, तेही जपानात. ती मुळात माकडांच्या जठरातली रहिवासी, माकडांकडून डुकरांत आली, असं तिच्या जनुकांवरून दिसतं.

मोत्यासारख्या बहुतेक धडधाकट कुत्र्यांच्या पोटात हे जंतू असतात आणि त्यांना त्रासही नसतो. माणसात ते क्वचित सापडतात. जठरातून काढलेले शंभर तुकडे तपासावेत तेव्हा जेमतेम एखाद्यात. पण आले की जठराला सूज येते, कधी व्रण होतो, आणि फार थोड्यांत लसिका पेशींची गाठही होते. आश्चर्य असं, की औषधांनी जंतू गेला आणि मागोमाग गाठही विरली, असे रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेत.

नात गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मोत्याला हाकलायचं?"

अजिबात नाही गं. त्याला जवळ घे, पण तोंडाला तोंड लावू देऊ नकोस आणि जेवायच्या आधी हात धू.

आणि मोठ्यांनो, एक तुमच्यासाठी. जंतू आहे का पाहायला जठराचा तुकडा पिवळ्या जेलीत टाकतात, जंतू असला तर ती गुलाबी होते. पण हे चुलतभाऊ जठरात तुरळक ठिकाणी विखुरलेले असतात, त्यामुळं ती चाचणी त्यांना चुकवू शकते. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याची नजरच कामी येते. महिनोन्महिने पोटात जळजळत असेल आणि दुर्बिणीनं तपासायची वेळ आली, तर घरात कुत्रं-मांजर आहे किंवा डुकरांमध्ये काम करतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.