तीनपेडी वेणी आणि सात दसरे

२०१८ च्या उन्हाळ्यात बोहारीण दारात आली, तेव्हा झाकणाच्या एका स्टीलच्या डब्यावर मी अकरा साड्या काढून ठेवल्या होत्या. तिनं एकेक साडी उजेडात धरली, विरलेल्या जागी बोट फिरवलं आणि सुती पाच साड्या उचलून माझ्याकडे परत सारल्या. जॉर्जेट, नायलॉन कितीही द्या म्हणाली, ह्यांच्या आता चिंध्याच व्हायच्या. डबा गेला तो गेलाच, वर घासाघीस करताना तिच्यापुढं माझं नेहमीप्रमाणे काही चाललं नाही. त्या पाच साड्या आठवडाभर सोफ्यावर पडून होत्या. शेवटी म्हटलं, होऊ देत चिंध्या.

तेव्हापासून २०२४ च्या दसऱ्यापर्यंत माझ्या हातून तेवीस पायपुसणी, बसकरं आणि सतरंज्या झाल्या. त्यातल्या सहा-सात बघण्यासारख्या आहेत.

सुती साडी लांबीच्या दिशेनं सुरेख फाटते. काठ आधी कात्रीनं उतरवायचा, कारण तो फाटत नाही, उलट पट्टी तिरकी ओढतो. मग पदराकडून दोन बोटांवर काप द्यायचा आणि दोन्ही हातांनी ओढत जायचं. चर्र आवाज होतो, बारीक कापूस उडून चष्म्यावर बसतो. पंचेचाळीस इंच पन्ह्यातून दोन बोटं रुंदीच्या अठ्ठावीस पट्ट्या निघतात. साडी साडेपाच मीटर धरली तर दीडशे मीटरच्या वर चिंधी. हा हिशेब मी पहिल्या दिवशीच केला आणि खूश झाले. त्यापुढचा हिशेब, म्हणजे दोन फुटांच्या गोल सतरंजीला वेणी घालायला आणि शिवायला किती तास जातात तो, केला नाही हे बरंच झालं.

पहिली सतरंजी तीनपेडी वेणीची. वेणी घालायची, भोवऱ्यासारखी गुंडाळत जायची आणि दाभणानं शेजारच्या वेढ्याला शिवत राहायचं. केसांची वेणी घालता येते तर हीही येईल असं वाटलं होतं. पाचव्या-सहाव्या वेढ्याला कडा वर उचलायला लागल्या. मी हट्टानं आणखी घट्ट ओढलं. दहाव्या वेढ्याला सतरंजीची चक्क टोपली झाली. ती अजून स्वयंपाकघरात आहे, तिच्यात कांदे ठेवते. गोल सतरंजीत बाहेरच्या वेढ्याला आतल्यापेक्षा जास्त लांबी लागते. म्हणून वळणावर दाभण आतल्या वेणीच्या प्रत्येक घरात घातलं, तरी बाहेरच्या वेणीचं एखादं घर मधे सोडावं लागतं. सोडलं नाही तर टोपली, फार सोडली तर झालर. किती सोडायची ते कुणी आकड्यात सांगू शकत नाही. दर दोन वेढ्यांनी ती फरशीवर पसरायची आणि तळव्यानं दाबून बघायची.

दुसरी सपाट झाली. त्या वर्षी घट बसायच्या आधी, कोल्हापुरात ज्याला ‘दसरा काढणं’ म्हणतात त्या धुलाईत, ती घरातल्या गोधड्या-चादरींबरोबर पंचगंगेवर नेली. एका लाल साडीचा रंग कच्चा निघाला. सतरंजी गुलाबी झाली, शेजारी भिजत पडलेली दुसऱ्या कुणाची पांढरी चादरही गुलाबी झाली. त्या बाईंनी मला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून प्रत्येक साडी फाडण्याआधी तिचा तुकडा रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवते.

ह्या फजितीनंतर वाटलं, ज्यांचं पोट ह्या कामावर आहे त्यांच्याकडे जाऊन बघावं. ‘स्टुडिओ’ हा शब्द मी तेव्हा फार वापरायचे. २०१९ च्या जानेवारीत म्हसवडजवळ एका घोंगडी विणणाऱ्या मामांकडे गेले. तिथं स्टुडिओ म्हणजे घराची पुढली पडवी, जमिनीत खणलेला खड्डा आणि त्यात पाय सोडून बसलेले मामा. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, तिचं सूत बायका घरी कातून देतात. हे सूत केसाळ, एकमेकांत अडकणारं. म्हणून ताणा बाहेर उन्हात लांबलचक ताणतात आणि त्याला चिंचोक्याची खळ कुंच्यानं चोपडतात. चिंचोके भाजून, टरफलं काढून, भरडून शिजवलेली ती पेज. तिचा वास दोन दिवस माझ्या ओढणीला होता.

मी माझी एक सतरंजी बरोबर नेली होती, दाखवायला. मामांनी तिच्या रंगांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन कोपरे धरून त्यांनी ती ओढली, सोडली, परत ओढली आणि म्हणाले, “वैनी, ताण सारखा न्हाई.” इतकंच. मग ते आपल्या धोट्याकडे वळले.

मी तोवर सगळा वेळ कुठल्या निळ्याशेजारी कुठला पिवळा ह्यात घालवत होते. पुढची पाच-सहा वर्षं मी जिथं जिथं गेले, तिथं हा ताण कसा सांभाळतात हेच बघत राहिले. त्याच वर्षी डिसेंबरात वीरभूममध्ये ‘खेश’ पाहिलं. रवींद्रनाथांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या श्रीनिकेतनशी ह्या विणीचं नातं जोडतात. ताणा नव्या सुताचा आणि बाण्यात जुन्या साडीच्या फाडलेल्या पट्ट्या. आपण गोधडीत साडी अख्खी ठेवतो, थरावर थर घालून धावदोरा घालतो. ते ती मोडतात आणि परत विणतात. मला खेश आवडलं, पण खरं सांगायचं तर त्याच्या पिशव्या फार झाल्यात. अंथरायचं कापड खांद्याला लटकवलं की त्याचं वजन आणि पोत दोन्ही कळेनासे होतात.

मग २०२०. प्रवास बंद, बोहारीण बंद. माळ्यावरची लाकडी खाट काढली, पट्ट्या सोडवल्या आणि चौकटीला दोन्ही टोकांना अर्ध्या अर्ध्या इंचावर खिळे मारले. झाला माग. ताण्याला सुतळी लावली ही चूक. सुतळी मधेच सैलावते आणि तिची कुसं पट्टीत अडकतात. तिसऱ्या दिवशी चार तार तुटले. जाड सुती दोरा मिळायला सप्टेंबर उजाडला. त्या सहा महिन्यांत एकच गोष्ट धड शिकले, पट्टीला पट्टी गाठ न मारता जोडायची. दोन्ही टोकांना बटणाच्या काजासारखी चीर पाडायची, एकीच्या चिरेतून दुसरी ओवायची आणि दुसरीचं शेपूट तिच्याच चिरेतून काढून ओढायचं. सांधा बसतो तो वाटाण्याएवढाही दिसत नाही. गाठी मारलेली सतरंजी अनवाणी पायाला लगेच कळते.

साड्या संपल्यावर इचलकरंजी आठवली, घरापासून जेमतेम तासावर. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला. आता बिनधोट्याच्या मागांवर कापड विणलं जातं, तेव्हा बाजूला सुटलेल्या धाग्यांची झालर यंत्रच कापून टाकतं. अखंड, मऊ, रंगीत दोरासारखी ती खाली पोत्यात पडत राहते आणि किलोवर विकली जाते. २०२१ साली मी तिची दोन पोती आणली. काम झरझर झालं, ताणही सारखा बसला. पण तिच्या ज्या सहा सतरंज्या झाल्या त्यांपैकी एकही मला ओळखता येत नाही. साडीच्या सतरंजीत बोट ठेवून सांगता येतं, ही मावशीची, ही मी बँकेत पहिल्या दिवशी नेसले ती. झालरीबद्दल काय सांगणार? त्या सहाही मी भेट देऊन टाकल्या आणि घेणाऱ्यांना त्याच सगळ्यात जास्त आवडल्या.

मुंबईच्या मोनिका कोरिया यांचं काम ह्याच सुमाराला पाहिलं. विणता विणता त्या मागावरची फणीच काढून टाकतात. फणी ताण्याचे तार आपापल्या जागी धरून ठेवते. ती गेली की तार वाट सोडून वळतात, एकमेकांजवळ येतात, दुरावतात. ज्या शिस्तीसाठी मी तीन वर्षं धडपडत होते ती त्यांनी आधी कमावली आणि मग हातानं सोडून दिली. मीही घरी प्रयत्न केला. माझे तार वळले नाहीत, नुसते लोंबले.

२०२३ मध्ये हल्याळच्या बाजूला सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघायला गेले. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांचे हे वंशज. बोलतात कोकणी, त्यामुळे माझी मराठी आणि त्यांची कोकणी मिळून निभावलं. कवंदीत कोपऱ्यापासून टाके सुरू होतात, कडेकडेनं फिरत मध्यापर्यंत येतात. कापड जिथं फुगेल तिथं ते दुमडतात, वर एक तुकडा ठेवतात आणि पुढं जातात. ताण सारखा नसेल तर त्याचं ठिगळ होतं, आणि ते ठिगळच नक्षी. शेवटी चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी तुकडे बसतात, त्यांना ‘फुलं’ म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी समजतात. एका आजींनी मला सुई दिली. माझे चार टाके झाले आणि त्यांनी काही न बोलता ते उसवले.

परतताना एका मोठ्या शहरातल्या दुकानात अशीच कवंदी काचेच्या चौकटीत पाहिली. खाली किंमत होती, ‘पारंपरिक हस्तकला’ असं होतं, जिल्ह्याचंही नाव होतं. शिवणारणीचं नव्हतं. चित्राखाली चित्रकाराचं नाव नसतं तर त्या दुकानदाराला ते चित्र भिंतीवर लावताना चुकल्यासारखं वाटलं असतं. इथं वाटलं नाही. माझ्या सतरंज्यांना मी आजवर किंमत लावलेली नाही, ह्याचं एक कारण हे. दुसरं असं की तासांचा तो हिशेब मी अखेर केला. ज्याला परवडेल असं गिऱ्हाईक मला माहीत नाही.

२०२४ च्या दसऱ्याला चार सतरंज्या घेऊन घाटावर गेले. सगळ्या पक्क्या रंगाच्या. पाणी गढूळ होतं, पायऱ्यांवर चादरी वाळत पडलेल्या, गोधड्यांवर धोपटण्याचे आवाज. शेजारी एक साठीच्या बाई वाकळ धूत होत्या. मी खाटेच्या मागावरची निळी सतरंजी पिळत होते, ती त्यांनी मागून घेतली, उलटी केली आणि मागची बाजू बराच वेळ बघितली. मग दोन कोपरे धरून ओढली. मी श्वास धरून उभी. त्यांनी ती पायरीवर पसरली, कडेला जिथं पट्टी वळते तिथं बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हितनं झिजणार आदी. हितं काठ लाव, फेकू नको काठ.”

सात वर्षांचे उतरवलेले काठ घरी एका गाठोड्यात आहेत.